चर्चा: पाथ (फाइलचा पत्ता) परस्पर बदलणारा शेल (कमांड घेऊन चालवणारा प्रोग्राम) हवा की नको?

खटपट्या:
विंडोजवर गिट बॅशमधून (लिनक्ससारख्या कमांड देणारा शेल) डॉकर चालवला; तो प्रोग्रामला कंटेनर नावाच्या वेगळ्या डब्यात चालवतो. कंटेनरमधलं फोल्डर म्हणून `/ॲप` दिलं. डॉकरला पोचलं काय, तर `सी:/प्रोग्राम फाइल्स/गिट/ॲप`! कुणी सांगितलं होतं बदलायला? सुरुवातीला तिरकी रेघ दिसली की हा पाथच, असं एमसिस (गिट बॅशच्या मुळाशी असलेला थर) धरून चालतं. `सीएमडी /सी` लिहा, त्या बिचाऱ्या स्विचचीही (कमांडच्या पर्यायाची) सी ड्राइव्ह होते. सिगविन बघा, तेही विंडोजवर लिनक्ससारखं वातावरण देतं: बाहेरच्या प्रोग्रामला पाथ द्यायचाय? सिगपाथ ही त्याची कमांड वापरून तुम्हीच बदला. टायपिंग वाढतं, पण अंदाजपंचे कारभार नाही.

जुनाखोड:
तुम्ही डॉकरवाले. आमची हयात कॉन्फिगर स्क्रिप्ट (सोर्स कोडमधून प्रोग्राम बांधायची तयारी करणारी) चालवण्यात गेली. ती मिनजीडब्ल्यूच्या जीसीसी कंपायलरला हेडर फाइली शोधायची जागा म्हणून `-आय/यूएसआर/लोकल/इन्क्लूड` देते. जीसीसी पडला विंडोजचा, त्याला /यूएसआर काय माहीत? शेल बदलून देतो म्हणून हेडर सापडतात. नाहीतर प्रत्येक मेकफाइलमध्ये (बांधणीच्या सूचनांची फाइल) सिगपाथ कोंबत बसा. शिवाय सेड, ग्रेप या मजकूर हाताळणाऱ्या कमांड एमसिसच्याच, त्यांना दिलेल्या आर्ग्युमेंटला हात लागत नाही. तुमच्यासाठी हे बदलणं बंद करणारं `एमसिस_नो_पाथकन्व्ह=१` आहे की.

खटपट्या:
आणि आपलं फोल्डर कंटेनरला जोडणाऱ्या डॉकरच्या `-व्ही`चं काय? डावीकडचा पाथ माझ्या मशीनचा, तो बदलायला हवा. उजवीकडचा कंटेनरचा, तो नको. मधे कोलन. एमसिसला वाटतं ही पाथची यादी, म्हणून कोलनचा अर्धविराम करून दोन्ही बदलतं. मग डिस्कवर `कोड;सी` नावाचं फोल्डर उगवतं. माझ्याकडे अशी तीन निघाली.

मुकी_कमांड:
पाथचं एक वेळ चालेल, डिव्हाइसच्या नावांचं बोला. आउटपुट नको म्हणून सवयीनं बॅशमध्ये `> एनयूएल` (विंडोजचं सगळं गिळणारं डिव्हाइस) लिहिलं, तर त्या नावाची खरीखुरी फाइल झाली! एक्सप्लोररला पुसता येईना, शेवटी बॅशमधूनच आरएम कमांडनं उडवली. डॉसच्या पहिल्या आवृत्तीत फोल्डरच नव्हते. १९८३ला दुसरीत आले, तरी कॉन, ऑक्स, पीआरएन ही डिव्हाइसची नावं प्रत्येक फोल्डरमध्ये राखीवच राहिली, पुढं एक्स्टेन्शन लावलं तरी. लिनक्स कर्नलच्या नुव्हो या ग्राफिक्स ड्रायव्हरमध्ये `ऑक्स.सी` आहे, विंडोजवर गिटचं चेकआउट (फाइली डिस्कवर उतरवणं) तिथंच अडतं.

जुनाखोड:
इथं मी तुमच्या बाजूनं, शेलनं सरळ एरर द्यावी. पण खटपट्या, एमसिस-२ (एमसिसचं नवं रूप) सिगविनमधूनच निघालंय आणि अशी नावं १.७पासून खुशाल बनवू देतं ते तुमचं लाडकं सिगविनच. तिथं अंदाज नाही, आणि इशाराही नाही.

खटपट्या:
झोंबलं. तरी `/ॲप`वर मागे हटत नाही. आत्ताच पुन्हा `//ॲप` लिहून (दोन रेघा असल्या की एमसिस तसं बदलत नाही) वेळ मारून नेलीय.