मदत हवी आहे: न्यू जर्सीत सतरा वर्षांच्या मुलीला प्रायमरीत मत देता येईल का?

नमस्कार मंडळी,

आम्ही एडिसनला राहतो. लेक इथलीच, जन्माने नागरिक. आम्ही दोघं अजून ग्रीन कार्डाच्या रांगेत. म्हणजे घरातली पहिली मतदार तीच होणार! तिला येत्या सप्टेंबरात अठरा पूर्ण होतील. नोव्हेंबरच्या मुख्य निवडणुकीचा प्रश्न नाही, पण तिला २ जून २०२६ च्या प्रायमरीतही, म्हणजे पक्ष आपापले उमेदवार ठरवतात त्या आधीच्या निवडणुकीतही मत द्यायचंय.

गव्हर्नर मर्फींनी जानेवारी २०२४ मध्ये सही केलेला कायदा तिनंच मला वाचून दाखवला. नोव्हेंबरच्या निवडणुकीपर्यंत अठरा पूर्ण होणार असतील, तर त्याआधीच्या प्रायमरीत सतराव्या वर्षीही मत देता येतं, आणि हे २०२६ पासून लागू. पण मी फोनवर चौकशी केली तर पलीकडच्या बाई म्हणाल्या, "अठरा झाल्याशिवाय नाही." पोरीचं तोंड एवढंसं झालं. मतदार नोंदणीचा अर्धा भरलेला अर्ज फ्रीजवर चुंबकाखाली लावलाय, पक्षाच्या रकान्यापाशी अडलाय.

१९८९ मध्ये मतदानाचं वय एकवीसवरून अठरावर आलं, तेव्हा माझी ताई एकोणीस वर्षांची होती. सांगलीत बोटाची शाई दाखवत ती गल्लीभर फिरली होती. ते आठवतं, म्हणून जीव तुटतोय.

पक्षाचा रकाना कोरा ठेवला तर चालेल का? मुदत कधीपर्यंत? आणि ड्रायव्हिंग लायसन्सच्या कामात मतदार नोंदणीही होते म्हणतात, तिथे आम्ही नागरिक नसताना आमचं नाव चुकून मतदार यादीत गेलं तर? त्याची फार धास्ती वाटते.

प्रतिसाद:
ताई, लेकीचं बरोबर आहे. सतराव्या वर्षी नाव नोंदवता आधीही येत होतं, मत मात्र अठरानंतरच. फोनवर तोच घोळ झाला असावा. रकाना कोरा चालतो. केंद्रावर त्या दिवशी पक्ष सांगायचा, मग त्याच पक्षाची मतपत्रिका मिळते. मात्र त्यानंतर तिची नोंद त्या पक्षाकडे राहते आणि पुढे बदलायची तर प्रायमरीच्या ५५ दिवस आधी अर्ज लागतो, तेव्हा विचार करून सांगू दे. नोंदणी २१ दिवस आधी, म्हणजे १२ मेपर्यंत. लेकीकडे लायसन्स नसेल तर अर्जात तिच्या सोशल सिक्युरिटी नंबरचे (सरकारी ओळख क्रमांकाचे) शेवटचे चार आकडे लिहा. लायसन्सच्या कामात तुम्ही दोघांनी नागरिकत्वाच्या प्रश्नाला स्पष्ट "नाही" म्हणा, मतदार नोंदणीवर सही करू नका आणि मिळालेला कागद तिथेच वाचून बघा.

आपल्याच राज्यातल्या नेवार्क शहरात तर शाळा मंडळाच्या निवडणुकीसाठी सोळाव्या वर्षीच मत देता येतं, २०२५ पासून!

धागाकर्ती:
दादा, मनापासून आभार. अर्ज फ्रीजवरून काढलाय, लेक सही करतेय. सकाळी टपालात टाकते.