मदत हवी आहे: ब्रूटस उभा करायचाय, खलनायक होतोय (सांगली)

नमस्कार मंडळी. विश्रामबागेत आमच्या हौशी ग्रुपच्या तालमी चालू आहेत. शेक्सपिअरचं 'ज्युलिअस सीझर', मराठीतून, तासाभरात बसवलेलं. घोडं अडलंय ब्रूटसपाशी, म्हणजे सीझरला मारणाऱ्या त्याच्या मित्रापाशी.

सीझरला का मारायचं, हे तो रात्री बागेत स्वतःलाच पटवत बसतो. वैयक्तिक वैर काही नाही, पण मुकुट चढला तर माणूस बदलेल. म्हणजे गुन्हा घडायच्या आधीच शिक्षा! आमचा नट हे स्वगत दात-ओठ खात म्हणतो. मग पुढे सीझरच्या जिवलग अँटनीला जिवंत सोडणं, वर त्यालाच प्रेतापुढे बोलू देणं, हा निव्वळ बावळटपणा वाटायला लागतो. मला तो उमदेपणा दिसायला हवाय, आणि त्याच हातातला खंजीरही. कटातला साथीदार कॅशियस खोट्या चिठ्ठ्या टाकून त्याला चिथावतो खरा, पण तेवढ्यावर त्याला निर्दोष सोडणं मला पटत नाही.

शेवटी अँटनीच त्याला सगळ्यांत थोर रोमन म्हणतो. दिग्दर्शक म्हणतात, वेळेसाठी हे वाक्य कापा. माझ्या जिवावर येतंय.

नाटककार देवलांच्या सांगलीत सल्ला देणारे कमी नाहीत, म्हणून विचारतोय. ('ऑथेल्लो'वरून लिहिलेला त्यांचा 'झुंझारराव' दुसऱ्याच्या कपटाला बळी पडतो; इथं नायकच मित्राचा घात करतो, त्यामुळे तिथलं काही उसनं घेता येत नाही.)

कुणी ब्रूटस केलाय का? स्वगत थंडपणे, हिशेब मांडल्यासारखं घ्यावं, की ते आखडून त्याच्या बायकोचा, पोर्शियाचा प्रवेश ठेवावा? दोन्हीला वेळ नाही. संध्याकाळी सातनंतर तालमीला आलात तर फारच बरं, चहा आमच्याकडून.