शरीरातील सर्व अवयवांचे वय एकच असते का?

प्रश्न:
माझ्या वडिलांचे वय ७२ आहे. नुकत्याच केलेल्या तपासणीत त्यांच्या यकृताचे सर्व आकडे उत्तम आले. मूत्रपिंड रक्तातून गाळून टाकते तो टाकाऊ पदार्थ, म्हणजे क्रिएटिनिनही १.१, म्हणजे मर्यादेतच आहे. तरीही ई-जीएफआर (मूत्रपिंडाच्या गाळण्याच्या क्षमतेचा अंदाज) ७१ दाखवला असून दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. एकाच माणसाचे यकृत तरुण आणि मूत्रपिंड वृद्ध असे खरोखर असू शकते का?

प्रतिसाद १:
असू शकते. कोणता अवयव आपल्या पेशी किती नव्याने घडवू शकतो, हे त्यामागचे एक मोठे कारण आहे. १९५० आणि १९६०च्या दशकांतील अणुचाचण्यांमुळे वातावरणातील कार्बन-१४ (कार्बनचा किरणोत्सारी प्रकार) वाढला आणि अशा चाचण्यांवर बंदी घालणाऱ्या १९६३च्या करारानंतर तो हळूहळू घटत गेला. पेशी जन्मते त्या वेळचे त्याचे प्रमाण तिच्या डीएनएमध्ये नोंदले जात असल्याने पेशीचे वय काढता येते. स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेतील योनास फ्रिसेन यांच्या गटाने विकसित केलेल्या या पद्धतीने २०२२मध्ये ओलाफ बर्गमन आणि सहकाऱ्यांनी दाखवले, की माणूस विशीतला असो वा ऐंशीच्या पुढचा, यकृताच्या पेशींचे सरासरी वय तीन वर्षांहून कमीच असते. हृदयाच्या स्नायुपेशी मात्र पंचविशीत वर्षाला सुमारे १ टक्का आणि पंचाहत्तरीत त्याच्या निम्म्याहूनही कमी बदलतात. मूत्रपिंडातील गाळण्या, म्हणजे नेफ्रॉन, जन्मानंतर नव्याने तयारच होत नाहीत. डोळ्याच्या भिंगाच्या गाभ्यातील तंतू तर जन्माआधीचे असतात, आणि त्यांतील प्रथिने बदलली जात नसल्यामुळेच ती कालांतराने गढूळ होतात. यकृत मात्र पूर्णपणे चिरतरुण आहे असे मानू नये. वयाबरोबर त्याचा आकार आणि रक्तपुरवठा घटतो, म्हणून वृद्धांना काही औषधांची मात्रा कमी द्यावी लागते.

प्रतिसाद २:
याला पूरक म्हणून २०२३मधील स्टॅनफर्ड विद्यापीठाचे संशोधन उल्लेखनीय वाटते. टोनी विस-कोरे यांच्या गटाने पाच हजारांहून अधिक व्यक्तींच्या रक्तातील प्रथिनांवरून ११ अवयवांचे वय अजमावले. पन्नाशीपुढील सुमारे १८ टक्के लोकांत एखादाच अवयव इतरांपेक्षा खूप वेगाने वृद्ध होत होता.

प्रतिसाद ३:
क्रिएटिनिनबद्दल लिहितो, कारण बहुतेक घरांत गैरसमज इथेच होतो. क्रिएटिनिन स्नायूंमध्ये तयार होते. वयानुसार स्नायू कमी झाले की ते मुळातच कमी तयार होते, त्यामुळे गाळण्याची क्षमता घटली तरी रक्तातील आकडा सामान्य दिसू शकतो. ई-जीएफआरच्या सूत्रात वय आणि लिंग धरलेले असल्याने ही घट तिथे दिसते. चाळिशीनंतर ही क्षमता दरवर्षी साधारण एक अंकाने उतरते, मात्र काही लोकांत ती अनेक वर्षे जवळजवळ स्थिर राहते. त्यामुळे केवळ ७१ या आकड्यावरून आजाराचे निदान होत नाही. वडिलांच्या लघवीतील अल्ब्युमिन या प्रथिनाची तपासणी आणि रक्तदाबाची नोंद डॉक्टरांना अवश्य दाखवा, आणि ते गुडघेदुखीसाठी वेदनाशामक गोळ्या नियमित घेत असतील, तर तेही डॉक्टरांना स्पष्ट सांगा.