स्कॅन रुग्णालयाबाहेर जात नाहीत, एवढं पुरेसं आहे का?

क्षकिरणी:
नमस्कार. मी रेडिओलॉजिस्ट आहे, कोडिंग येत नाही. छातीच्या सीटीवरून फुप्फुसातल्या गाठी शोधणारं मॉडेल चार रुग्णालयांनी मिळून शिकवायचं, असा प्रस्ताव आमच्याकडे आला आहे. पद्धत फेडरेटेड लर्निंगची. स्कॅन ज्याचे त्याच्याकडेच राहणार, मॉडेल प्रत्येक ठिकाणी शिकणार, आणि शिकलेले वेट्स (मॉडेलच्या आतले आकडे) तेवढे मधल्या सर्व्हरवर जाणार. तिथे त्यांची सरासरी काढून नवं मॉडेल सगळ्यांना परत मिळणार. सादरीकरणात एक वाक्य पुन्हापुन्हा होतं: "डेटा बाहेर जातच नाही, त्यामुळे गोपनीयतेचा प्रश्नच येत नाही."

सही माझी लागणार आहे. हे वाक्य खरं आहे का? आणि सहीआधी मी नेमकं काय मागून घ्यावं?

बिनतारी:
ताई, वाक्याचा पहिला अर्धा भाग खरा आहे, दुसरा नाही. अशा प्रकल्पांत मी सर्व्हरच्या बाजूला काम करतो, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

बाहेर जाणारे आकडे तुमच्याच स्कॅनमधून निघालेले असतात. 2019 मध्ये एमआयटीच्या संशोधकांनी दाखवून दिलं, की नुसत्या ग्रेडियंटवरून (शिकताना वेट्स कसे बदलायचे ते सांगणाऱ्या आकड्यांवरून) मूळ चित्र जवळजवळ जसंच्या तसं उभं करता येतं. बॅच (मॉडेलला एका वेळी दिलेले स्कॅन) मोठी असेल आणि आकडे पाठवण्याआधी मॉडेल जागेवरच बराच वेळ शिकलेलं असेल, तर हे फार अवघड होतं. पण त्रिमितीय सीटी मेमरी इतकी खातो, की बॅच अनेकदा एकदोन स्कॅनचीच ठेवावी लागते. म्हणून पहिला प्रश्न हा विचारा: बॅच केवढी, आणि किती शिकून झाल्यावर आकडे बाहेर पडतात?

दुसरं, सुरक्षित एकत्रीकरण आहे का? यात रुग्णालयांची प्रत्येक जोडी आपसांत एक गुप्त आकडा ठरवते. एक जण तो आपल्या वेट्समध्ये मिळवतो, दुसरा वजा करतो. सर्व्हरला एकेकाचे आकडे अर्थहीन दिसतात, बेरजेत मात्र गुप्त आकडे कटून जातात आणि खरी बेरीज उरते. दोनच रुग्णालयं असतील तर याचा काही उपयोग नाही, कारण बेरजेतून स्वतःचा वाटा वजा केला की समोरच्याचा कळतो. तुम्ही चार आहात. बाकीचे तिघे एकत्र आले तरच तुमचे आकडे उघडे पडतील. तो धोका तुम्हाला चालतो का, हे करारात लिहून घ्या.

एवढं करूनही शेवटी तयार झालेलं मॉडेल स्वतःच काही सांगून जातं. अमुक स्कॅन शिकवताना वापरला होता की नाही, याचा अंदाज मॉडेलच्या उत्तरांवरून बांधता येतो. त्यासाठी डिफरन्शियल प्रायव्हसी असते: प्रत्येक नमुन्याच्या प्रभावाला कमाल मर्यादा घालायची आणि वर मोजून गोंगाट, म्हणजे यादृच्छिक आकडे, मिसळायचा. इथे एक खाचखळगा आहे, तो कुणी आपणहून सांगत नाही. "नमुना" म्हणजे काय? एका सीटीत शेकडो स्लाइस, म्हणजे शरीराच्या छेदांची चित्रं, असतात. हमी एका स्लाइसपुरती दिली असेल, तर ती त्या रुग्णाची हमी नव्हे. हिशेब रुग्णामागेच हवा.

या गणिताच्या मानाने साध्या वाटणाऱ्या गोष्टी मला जास्त छळतात. प्रोग्रॅम अडकला की एरर मेसेजमध्ये फाइलचा पूर्ण पाथ सर्व्हरवर जातो, आणि फाइलच्या नावातच रुग्णाचं नाव असतं. प्रगती दाखवायला काही टूल नमुन्याची चित्रं लॉगमध्ये टाकतात. रुग्णालयाबाहेर नेमकं काय पडतं याची पूर्ण यादी मागा, आणि ती तुमच्या आयटी विभागाला नेटवर्कवर स्वतः पडताळू द्या.

चुंबकक्षेत्र:
मी एमआरआय टेक्निशियन. थोडी भर घालतो. डायकॉम हेडरमधलं (स्कॅनच्या फाइलला जोडलेल्या माहितीतलं) नाव आणि जन्मतारीख काढली की स्कॅन निनावी झाला, असं आमच्याकडेही बरेच जण धरून चालतात. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 84 स्वयंसेवकांच्या डोक्याच्या एमआरआयमधून चेहरे उभे केले आणि त्यांच्या छायाचित्रांशी चेहरा ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरने जुळवले. 70 जण बरोबर ओळखले गेले. ताईंच्या छातीच्या सीटीत चेहरा येत नाही, पण पुढे डोक्याचे स्कॅन जोडायचं ठरलं तर चेहरा काढण्याची पायरी आधी घ्या. आणि ज्या चित्रांवर नाव पिक्सेलमध्येच उमटलेलं असतं, ती नुसतं हेडर साफ करून सुटत नाहीत. सोनोग्राफीत हे सर्रास दिसतं.

क्षकिरणी:
दोघांचेही मनापासून आभार. बिनतारी, एक शंका. गोंगाट मिसळल्यावर चारपाच मिलिमीटरची गाठ मॉडेलला दिसेल का? माझ्यासाठी सगळं तिथेच आहे. ती गाठ हातची सुटली तर गोपनीयता जपून रुग्णाचं काय भलं झालं?

बिनतारी:
शंका अगदी योग्य आहे. गोंगाटाचा फटका सगळ्यांना सारखा बसत नाही, डेटात जे विरळ असतं त्याला जास्त बसतो. म्हणून एकच सरासरी आकडा मान्य करू नका. गाठीच्या आकारानुसार आणि रुग्णालयानुसार वेगळे निकाल मागा, गोंगाटासह आणि गोंगाटाशिवाय. तपासणीचा संच प्रत्येकाने स्वतःकडेच ठेवावा, आणि एकाच रुग्णाचे स्कॅन शिकवण्यात आणि तपासणीत असे दोन्हीकडे येऊ देऊ नयेत.

मॉडेल नव्याने शिकवण्याऐवजी आधी खुल्या डेटावर शिकलेलं घेतलं, तर तेवढ्याच गोंगाटात निकाल पुष्कळ सुधारतो. बॅच नॉर्मलायझेशनही (आख्ख्या बॅचच्या सरासरीवरून आकडे एका मापात आणणारी पायरी) काढायला सांगा. ते एका बॅचमधल्या रुग्णांची माहिती एकमेकांत मिसळतं, आणि मग एका रुग्णाच्या प्रभावाची मर्यादा मोजताच येत नाही. त्याजागी प्रत्येक नमुन्याचं माप वेगळं घेणारं ग्रुप नॉर्मलायझेशन चालतं.

चारही ठिकाणची मशीन आणि स्लाइसची जाडी वेगळी असणार. मॉडेल गाठ ओळखायच्या ऐवजी रुग्णालय ओळखायला शिकतं, हा धोका खरा आहे. 2018 मध्ये न्यूमोनियाच्या एक्स-रेंवर झालेल्या एका अभ्यासात नेमकं हेच आढळलं: एक्स-रे कुठल्या रुग्णालयाचा हे नेटवर्क जवळजवळ अचूक सांगत होतं, आणि बाहेरच्या रुग्णालयात निदान मात्र बऱ्याचदा घसरत होतं. तेव्हा चारांपैकी एकाला आळीपाळीने शिकवण्यातून पूर्ण वगळून त्याच्यावर तपासणी करायची अट घाला. हे निकाल हातात आल्यावरच सहीचं बघा.