कोरोना लशीचे दोन डोस झाले, आता आयाबाईंसमोर मास्क कशाला?

मुलुंडकर (ऑगस्ट २०२१)
आई ८१ वर्षांची, बेडरिडन. दिवसपाळीला आयाबाई येतात. आमचे सगळ्यांचे दोन्ही डोस होऊन महिना झाला, त्यामुळे आम्ही घरात मास्क बंद केलाय. मावशींनी मात्र बारा तास लावायचा, कारण त्या बाहेरून येतात. यात चूक काय? लस घेऊनही तोंड बांधूनच फिरायचं तर घेतली कशाला?

अनुजा_डोंबिवली
राहवलं नाही म्हणून लिहितेय. बाहेरून फक्त मावशीच येतात का हो? तुम्ही ऑफिसला जाता, भाजीला जाता, ते काय? डोस झालेल्यांनाही डेल्टा प्रकारचा कोरोना होतोय, फक्त हॉस्पिटल गाठायची वेळ कमी येते. आणि मास्क लावणाऱ्यापेक्षा समोरच्याला जास्त वाचवतो, म्हणजे त्यांच्या मास्कने तुमची आई वाचणार, मग त्यांना कोण वाचवणार? आमच्या सासऱ्यांना खुर्चीत बसवायला मी आणि मावशी दोघी लागतो, एकमेकींचा श्वास लागतो इतक्या जवळ. एप्रिलमध्ये माझ्याकडूनच मावशींना झाला, सतरा दिवस खाडा, त्याचे पैसेही आया पुरवणाऱ्या ब्युरोने कापले. अजून मनातून जात नाही.

साताऱ्याचा_मी
बोलणं सोपंय. वडिलांना डिमेन्शिया, कानानेही कमी, समोरच्याचे ओठ बघून समजून घेतात. मास्कवालं तोंड दिसलं की ओरडतात, घास थुंकून टाकतात. चार दिवस जेवले नाहीत तेव्हा मीच ब्रदरला (पुरुष नर्सला) मास्क काढायला लावला. तुम्ही एक दिवस येऊन भरवून दाखवा.

अनुजा_डोंबिवली
भरवताना काढा की, खिडकी उघडी ठेवा, तुमची अडचण खरीच आहे. मी बोलतेय ते एकाच बाजूने मास्क लावायच्या नियमाबद्दल.

कल्याण_स्लो
मास्कचं राहू द्या, १५ ऑगस्टपासून अत्यावश्यक सेवेवाले सोडले तर लोकल दोन डोसवाल्यांनाच, तेही चौदा दिवस उलटल्यावर. आमच्या मावशींना पहिला डोस जूनअखेर मिळाला, कोविशील्डला ८४ दिवसांचं अंतर, म्हणजे पास ऑक्टोबरात. तोवर एसटी आणि शेअर रिक्षा, जाऊन येऊन चार तास. लोकलची गर्दी नको म्हणून त्यांना रिक्षात चौघांच्यात कोंबायचं?

मुलुंडकर
तेच तर म्हणतोय, गर्दीतून येतात!

कल्याण_स्लो
अहो, मग ती गर्दी त्यांनी हौसेने निवडलीय का?? अत्यावश्यक सेवेचं ओळखपत्र ब्युरोवाल्या बायकांना कोण देणार? ब्युरो कमिशन घेतो आणि हात वर करतो.

नर्स_ताई_नाशिक
वीस वर्षं होमकेअर केलंय. बारा तास तोच कापडी मास्क घामाने ओला होतो, त्याचा फारसा उपयोग राहत नाही. पाणी प्यायलाही कुठे काढायचा ते कुणी सांगत नाही. एका घरात मला जिन्यात बसून डबा खावा लागला होता, कोरोना यायच्या कितीतरी आधी. अंतर ठेवायची सवय जुनीच आहे, आता मास्कचं कारण मिळालं.

मुलुंडकर
आमच्याकडे मावशी डायनिंग टेबलवर जेवतात, उगाच जात-बित काढू नका.

नर्स_ताई_नाशिक
जात मी काढलेली नाही. तुम्हीच काढलीत.

मुलुंडकर
बरं. आईच्या खोलीत गेलो की आम्हीही लावू. पण मावशींचा निघणार नाही.

अनुजा_डोंबिवली
काढा असं कुणी म्हटलंय? एन-९५ तुमच्या पैशाने आणून द्या, दिवसाला दोन. आणि दुसऱ्या डोसच्या दिवशी पगारी सुट्टी.

मुलुंडकर
सुट्टीचं ब्युरोशी बोलावं लागेल.

कल्याण_स्लो
म्हणजे झालंच मग.