ॲस्बेस्टॉसच्या आजाराचा दावा : आपण वकील कसा निवडलात? (अनुभव धागा)

मुलुंडची लेक

आमच्या समोरच्या चाळीचा पुनर्विकास सुरू झाला आहे. छपरावरचे जुने ॲस्बेस्टॉस-सिमेंटचे पत्रे घणाने फोडून थेट खाली टाकले जात होते, आणि खाली उभ्या असलेल्या मजुरांच्या तोंडाला साधा रुमालही नव्हता. ते पाहून बाबांच्या दाव्याची सगळी वर्षे डोळ्यांपुढे उभी राहिली, म्हणून हा धागा काढत आहे.

बाबा भांडुप-मुलुंड पट्ट्यातील पत्र्यांच्या एका कारखान्यात मिश्रण खात्यात होते. ॲस्बेस्टॉस या तंतुमय खनिजाची पोती सुरीने फाडायची, तंतू हौदात ओतायचे आणि रिकामी पोती झटकून रचून ठेवायची, हे त्यांचे काम. नोकरीच्या अखेरच्या वर्षांत खोकला आणि दम सुरू झाला. थुंकीत जंतू कधीच सापडले नाहीत, तरी आधी क्षयाची औषधे झाली, आणि बऱ्याच काळानंतर सीटी स्कॅन झाल्यावर ॲस्बेस्टॉसिसचे, म्हणजे या धुळीने फुप्फुसे घट्ट होत जाण्याच्या आजाराचे, निदान झाले.

ओळखीतून मिळालेल्या पहिल्या वकिलांनी पहिल्याच भेटीत भरपाईचा आकडा सांगितला आणि कंपनीविरुद्ध १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याखाली आयुक्तांपुढे दावा लावला. कंपनीने उत्तरात एवढेच मांडले की कामगार ई.एस.आय.चा, म्हणजे राज्य कामगार विमा योजनेचा, विमेदार होता. राज्य कामगार विमा अधिनियम, १९४८ च्या कलम ५३ नुसार विमेदाराला कामातून झालेल्या इजेसाठी मालकाकडून वेगळी भरपाई मागता येत नव्हती, आणि वेस्टर्न इंडिया प्लायवुडच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये ही मनाई दिवाणी दाव्यालाही लागू असल्याचा निर्णय दिलेला आहे. आमचा दावा तिथेच संपला. बाबांचा विमा क्रमांक पगाराच्या प्रत्येक चिठ्ठीवर छापलेला होता. वकिलांनी ती चिठ्ठी कधी मागितलीच नव्हती.

पुढे युनियनच्या एका जुन्या कार्यकर्त्यांनी एका वकीलबाईंचे नाव सुचवले. त्यांनी पहिली भेट बाबांशी फक्त कामाविषयी बोलण्यात घालवली. कोणते खाते, कोणती पाळी, पोती कोण फाडत असे, पंखा कोणत्या बाजूला होता, ओला झाडू होता की सुका, सोबत काम करणारे आज कुठे आहेत, असे त्यांचे प्रश्न होते. पैशाचा विषय अखेरीस निघाला, तोही आम्ही काढला म्हणून. त्यांनी प्रकरण ई.एस.आय.च्या वैद्यकीय मंडळापुढे नेले, मंडळाने धरलेली अपंगत्वाची टक्केवारी कमी वाटली तेव्हा विमा न्यायालयात अपील केले, आणि बाबांना मासिक अपंगत्व लाभ सुरू झाला.

आजही कोणी विचारले तर मी एवढेच सांगते की वकील आधी कामाची माहिती विचारतो की भरपाईचा आकडा सांगतो, हे पाहावे. आपापले अनुभव कृपया लिहावेत; माझ्याकडे या विषयावर विचारणा करणारी दोन कुटुंबे सध्या आहेत.

परळकर

ताई, वाचून फार वाईट वाटले. माझ्या काकांनाही क्षयाचेच औषध दिले गेले होते.

एक गोष्ट येथे स्पष्टपणे नोंदवतो. ‘जिंकलो तर भरपाईतले इतके टक्के द्या’ असा करार भारतातील वकिलाला करता येत नाही. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या आचारसंहितेत निकालावर अवलंबून असलेली फी ठरवण्यास आणि दाव्याच्या रकमेत वाटा घेण्यास मनाई आहे. त्याच नियमांनुसार वकिलाला जाहिरात करून किंवा माणसे पाठवून पक्षकार गोळा करता येत नाहीत. त्यामुळे रुग्णालयाच्या दारात कार्ड देणारा जो मनुष्य भेटतो, त्याच्यामागे कोणता वकील आहे याची चौकशी करण्याचीही गरज नाही. तेथूनच परत फिरावे.

दर्यावर्दी

वरील नियम भारतातील वकिलांना लागू आहे. आमचे प्रकरण वेगळे असल्याने लिहितो. माझे थोरले बंधू ब्रिटिश मालकीच्या, तेथेच नोंदलेल्या जहाजांवर इंजिनरूममध्ये होते. वाफेच्या नळ्यांवरचे लॅगिंग (उष्णतारोधक आवरण) उकलायचे, झडप दुरुस्त करायची आणि पुन्हा ॲस्बेस्टॉसची दोरी गुंडाळून वर लेप द्यायचा, हे काम त्यांनी बंद जागेत, चाळीस अंशांच्या वर तापमानात वर्षानुवर्षे केले. त्यांना मेसोथेलिओमा झाला. हा फुप्फुसाच्या आवरणाचा कर्करोग आहे आणि तो धुळीशी संबंध आल्यानंतर तीस-चाळीस वर्षांनीही होतो, त्यामुळे निदान होते तेव्हा अनेकदा कंपनीच अस्तित्वात नसते.

ब्रिटनमध्ये अशा दाव्याची मुदत सर्वसाधारणपणे तीन वर्षांची असते आणि ती आजाराचे कारण कळल्यापासून मोजतात. ‘दावा हरला तर फी नाही’ ही पद्धत तेथे कायदेशीर आहे. आमच्यापुढे दोन पर्याय होते. एक मुंबईतला मध्यस्थ होता, जो तिकडच्या वकिलांशी आपणच बोलेन असे सांगत होता आणि कोऱ्या कागदांवर सह्या मागत होता. दुसरी तिकडची सॉलिसिटर थेट आमच्याशी बोलली आणि तिने सर्वप्रथम भावाच्या सीडीसीची, म्हणजे खलाशाच्या सेवापुस्तिकेची, प्रत मागवली, कारण त्यात प्रत्येक जहाजावर चढल्याची आणि उतरल्याची तारीख शिक्क्यासह असते. बंद पडलेल्या कंपनीचा त्या काळचा विमा उतरवणारा कोण, हे ती शोधून काढणार होती. अशा विम्याचा शोध घेण्यासाठी तेथे २०११ पासून स्वतंत्र कार्यालय आहे, हेही आम्हाला तिच्याकडूनच कळले. आम्ही तिलाच काम दिले. ज्यांच्या घरात जुने खलाशी किंवा मरीन इंजिनिअर आहेत त्यांनी सीडीसी रद्दीत टाकू नये, ही कळकळीची विनंती आहे.

परळकर

दर्यावर्दी काका, आपले बंधू आता कसे आहेत?

दर्यावर्दी

ते गेले. दावा वहिनींनी पुढे चालवला. चौकशीबद्दल आभारी आहे.

दारूखान्याची शिक्षिका

माझ्या वर्गातील एका मुलीचे वडील जहाजतोडणीच्या कामावर होते. मुकादम रोज बदलत असे, हजेरीची वही त्याच्याकडेच राही, आणि यांच्या हाती एकही कागद नव्हता. दोन वकिलांनी ‘पुरावा नाही’ एवढेच सांगून परत पाठवले. अखेरीस विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळाले. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे औद्योगिक कामगारांना आणि सर्व स्त्रियांना हा हक्क आहे, आणि त्यासाठी उत्पन्नाचा दाखला लागत नाही, ही गोष्ट फार थोड्या लोकांना ठाऊक असते.

हे तरुण वकील सुरुवातीला या विषयात नवीन होते, हे त्यांनी स्वतःच सांगितले. परंतु १९२३ च्या कायद्यात कंत्राटदाराच्या कामगाराची भरपाई मूळ मालकाकडूनही मागता येते, हे कलम त्यांनी शोधले, गोदीजवळच्या खोल्यांमध्ये स्वतः फिरून सोबतच्या कामगारांची प्रतिज्ञापत्रे करून घेतली, आणि त्याच खोल्यांत ठेवलेल्या जुन्या गेटपासांच्या छायाप्रती काढल्या. मोफत मिळालेला वकील म्हणजे दुय्यम वकील, हा समज मी तरी आता कोणापुढेही खोडून काढते.

सातारकर

आमच्या वडिलांच्या नोकरीला ई.एस.आय. नव्हती, पगार मर्यादेच्या वर होता. निवृत्तीनंतर ते गावी आले आणि मुंबईतले नामांकित वकील प्रत्येक तारखेला त्यांना वांद्र्याच्या न्यायालयात हजर राहायला सांगत होते. ऑक्सिजनचे यंत्र सोबत घेऊन एस.टी.ने प्रवास करणे त्यांना शक्य नव्हते. साताऱ्यातील एका वकिलांनी १९२३ च्या कायद्याचे पुस्तक आमच्यासमोर उघडून दाखवले की कलम २१ प्रमाणे अर्जदार जेथे राहतो तेथील आयुक्तांकडेही अर्ज करता येतो. मुदत दोन वर्षांची असली तरी पुरेसे कारण दिल्यास उशीर माफ होऊ शकतो, हेही त्यांनीच सांगितले. विशेषज्ञ नसलेला, परंतु जवळचा आणि वाचून काम करणारा वकील आम्हाला अधिक उपयोगी पडला.

मुलुंडची लेक

सातारकर दादा, आपला अनुभव मोलाचा आहे, परंतु येथे मी थोडी असहमत आहे. वैद्यकीय पुराव्यावर उलटतपासणी होते तेव्हा हा आजार ठाऊक असलेला वकीलच लागतो. कंपनीच्या डॉक्टरांनी बाबांच्या बिडीवर सगळा भर दिला होता, आणि बिडीने ॲस्बेस्टॉसिस होत नाही, हे आमच्या वकीलबाईंनी त्याच डॉक्टरांच्या तोंडून वदवून घेतले. हे आयत्या वेळी पुस्तक उघडून जमले नसते.

सातारकर

मान्य आहे. आमच्याकडे उलटतपासणीपर्यंत गोष्ट गेली नाही.

छातीरोग विभाग

मी एका सरकारी रुग्णालयात काम करते. वकील निवडण्यापूर्वी एक काम अवश्य करावे : डॉक्टरांना केसपेपरवर कामाचा इतिहास लिहायला सांगावा. ‘दम लागतो, जुना धूम्रपानाचा इतिहास’ एवढेच लिहिलेला कागद दाव्यात रुग्णाच्या विरोधात जातो. कोणत्या वर्षापासून कोणत्या वर्षापर्यंत, कोणत्या खात्यात, कोणत्या धुळीत काम केले, हे दोन ओळींत लिहून घ्यावे. २१ नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू असलेल्या कारखाने अधिनियम, १९४८ च्या तिसऱ्या अनुसूचीत ॲस्बेस्टॉसिस होता, आणि कारखान्यातील कामगारात तो आढळला तर मुख्य कारखाना निरीक्षकांना कळवणे डॉक्टरांवर कलम ८९ नुसार बंधनकारक होते. चांगला वकील हे कळवले गेले आहे का, याची विचारणा करतो. छातीच्या एक्स-रेचे वाचन आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या पद्धतीने झाले आहे का आणि फुप्फुसाच्या क्षमतेची चाचणी झाली आहे का, हेही तो विचारतो. फुप्फुसाच्या आवरणावरचे चट्टे आणि ॲस्बेस्टॉसिस हे दोन वेगळे निष्कर्ष आहेत. वकिलाने ते एक मानले तर अर्जच चुकीच्या पायावर उभा राहतो.

घाटकोपरवाली

आमच्याकडे वडील ठणठणीत आहेत आणि आजार आईला झाला. वडिलांचा निळा गणवेश ती रोज मोरीत आपटून धूत असे. धुण्यापूर्वी तो गच्चीवर झटकावा लागे आणि केसांत, पदरावर पांढरी भुकटी बसे. मोरीच्या जाळीत राखाडी लगदा साचायचा, तो तीच हाताने काढत असे. कितीतरी वकिलांनी ‘करून टाकू दावा’ म्हटले. एका ज्येष्ठ वकिलांनी मात्र स्पष्ट सांगितले की भरपाईचा कायदा आणि ई.एस.आय.चा आजाराचा लाभ या दोन्ही वाटा कर्मचाऱ्यासाठी आहेत, आई कर्मचारी नव्हती, त्यामुळे निष्काळजीपणाचा दिवाणी दावा एवढाच मार्ग उरतो आणि तो लांबचा आहे. आम्ही दावा त्यांनाच दिला, कारण मिळणार नाही ते त्यांनी आधी सांगितले. तो अजून चालू आहे.

मुलुंडची लेक

माझी आईही असेच कपडे धूत असे. तिची तपासणी उद्याच करून घेते. आपण लिहिले नसते तर हे माझ्या लक्षात आले नसते.

निवृत्त युनियनवाला

व्ही.आर.एस. (स्वेच्छानिवृत्ती) घेताना ‘माझा कंपनीवर कोणताही दावा उरलेला नाही’ या कागदावर सही केली, म्हणून हक्क गेला, असे समजून पुष्कळ कामगार घरी बसतात. १९२३ च्या कायद्याच्या कलम १७ नुसार भरपाईचा हक्क सोडून देणारा करार रद्दबातल ठरत होता. जो वकील ती सही पाहताच हात वर करतो, त्याला हा कायदा माहीत नाही, असे खुशाल समजावे. तसेच कामगार मरण पावला असेल तर भरपाई आयुक्तांकडे जमा व्हावी लागते; घरी येऊन विधवेच्या हातात रोख रक्कम ठेवून अंगठा घेणे हा कायदेशीर निपटारा नव्हे.

आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. ग्राहक शिक्षण व संशोधन केंद्राच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २७ जानेवारी १९९५ रोजी दिलेल्या निकालानुसार ॲस्बेस्टॉस उद्योगांनी कामगाराच्या आरोग्याची नोंद नोकरी लागल्यापासून किमान ४० वर्षे किंवा नोकरी संपल्यानंतर १५ वर्षे, यांपैकी जे नंतर येईल तोपर्यंत जपायची आहे. ‘नोंदी नष्ट झाल्या’ असे उत्तर कंपनीकडून आले की या निकालाची प्रत पुढे ठेवणारा वकील हवा.

परळकर

पहिला वकील कागद परत देत नसेल तर काय करावे? आमच्या काकांचे मूळ एक्स-रे तिथेच अडकले आहेत. उरलेली फी भरा, मगच फाइल देतो, असे उत्तर मिळते.

निवृत्त युनियनवाला

फी थकली म्हणून वकिलाला पक्षकाराची फाइल अडवून ठेवता येत नाही. आर. डी. सक्सेना यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००० साली हे स्पष्ट केले आहे. प्रथम लेखी पत्र देऊन पोच घ्यावी, आणि तरीही कागद मिळाले नाहीत तर राज्य बार कौन्सिलकडे तक्रार करावी. फीचा वाद वकिलांना स्वतंत्रपणे लढता येतो.

सातारकर

सामाजिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे आणि १९२३ चा भरपाई कायदा आणि ई.एस.आय.चा कायदा हे जुने दोन्ही कायदे तिच्यात सामावले गेले आहेत. व्यावसायिक आजारांची यादी तिच्या तिसऱ्या अनुसूचीत आहे. मग धुळीशी संबंध जुन्या काळातला आणि निदान आत्ताचे, अशा दाव्याला काय लागू होणार?

मुलुंडची लेक

दोन कुटुंबांपैकी एकाचे नेमके हेच प्रकरण आहे. आमच्या वकीलबाईंना मी काल विचारले. त्यांनी तोंडी उत्तर देण्याचे टाळले. नोकरीच्या तारखा, विमा क्रमांक आणि निदानाचा पहिला कागद पाहिल्याशिवाय मत देणार नाही, आणि देईन ते लेखी देईन, असे त्या म्हणाल्या. शनिवारी कागद घेऊन त्यांच्याकडे जात आहोत. त्यांचे मत मिळाले की त्या कुटुंबाच्या परवानगीने येथे लिहीन.