मदत हवी आहे: मालिश करूनही बाळ शांत होत नाही

केरीची_बाय
कुणीतरी लवकर सांगा. मालिशने बाळ शांत होतं, गाढ झोपतं असं सगळे म्हणतात. आमची बाय रडून रडून लालबुंद होते. तेल बदलू का? सासूबाई म्हणतात घाण्याचं खोबरेल, नणंद दिल्लीला असते तिचं म्हणणं मोहरीचं, व्हिडिओवाले ऑलिव्ह सांगतात. उद्या सकाळी मालिशवाली बाई यायच्या आत ठरवायचंय. जुने धागे वाचायला वेळ नाही, लिंका टाकू नका.

डिचोलीकर
खोबरेल. दारात माड असताना ऑलिव्ह कशाला?

तीन_पोरांची_आई
बाळ केवढं आहे? नाळ पडली का? पाजून किती वेळाने मालिश होते? यातलं काहीच लिहिलेलं नाही, तेल काय सांगणार कपाळ!

पर्वरी_फ्लॅट
आम्ही दोन्ही मुलांना ऑलिव्ह लावलं, त्वचा मऊसूत. परदेशात सगळे तेच वापरतात.

निवृत्त_सिस्टर
परदेशातच आता नवजात बाळाला ऑलिव्ह नको म्हणतात. त्यात ओलेइक आम्ल जास्त, बाळाच्या त्वचेचा वरचा थर त्याने ढिला पडतो. मोहरीचं त्याहून जळजळीत, ते तर नकोच. केरीची_बाय, ताईंनी विचारलंय त्याची उत्तरं द्या आधी.

डिचोलीकर
म्हणजे खोबरेलच. धन्यवाद सिस्टर.

निवृत्त_सिस्टर
मी तसं म्हटलेलं नाही. पुरळ नसेल तर खोबरेल चालेल, सूर्यफुलाचंही चालेल. वास घातलेलं नको.

केरीची_बाय
पाच आठवड्यांची. नाळ कधीच पडली. बाई सकाळी दहाला येते, त्याआधी पोटभर पाजून ठेवते, नाहीतर रडेल ना.

तीन_पोरांची_आई
हेच ते! भरल्या पोटावर चोळलं की दूध वर येतं. पाजल्यावर अर्धा-पाऊण तास जाऊ द्या. आणि आमच्याकडची बाई पाटावर बसून पाय लांब करायची, पोर नडग्यांवर पालथं, नी भाणातलं, म्हणजे पाणी तापवायच्या हंड्यातलं, कढत पाणी तांब्या तांब्याने पाठीवर. पोर रडून थकायचं आणि झोपायचं, घरचे म्हणायचे बघा किती शांत झोपली. तुमची बाई नाक चिमटीत धरून वर काढते का? टाळू भरते? कानानाकात तेल सोडते?

केरीची_बाय
हो, सगळंच करते. छातीसुद्धा दाबते, दूध काढायला हवं म्हणते. पण सासूबाईंनी माझ्या नवऱ्याला तसंच वाढवलंय, तो धडधाकट आहे.

निवृत्त_सिस्टर
छाती दाबणं आजपासून बंद. आईच्या संप्रेरकांमुळे नवजात बाळाच्या स्तनांत गाठ किंवा थेंबभर दूध येतं, ते आपोआप जातं. पिळलं तर पू होऊ शकतो, मुलीला तर जन्माचं नुकसान होऊ शकतं. नाकात तेल सोडलं तर ते फुप्फुसात जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो. टाळूवर तेलाचा हात फिरवायला हरकत नाही, दाब नको.

कुळागरवाला
दृष्ट लागली असेल. तिन्हीसांजेला मीठ-मिरच्या ओवाळून चुलीत टाका. खर्च नाही, तोटा नाही.

पर्वरी_फ्लॅट
फ्लॅटमध्ये चूल कुठून आणणार?

सांखळी_मावशी
मुलगी आहे ना? मग मुलगी झालेल्या आईला गोवा सरकार पैसे देतं त्या ममता योजनेचा अर्ज अंगणवाडीत भरला का? जन्मदाखला आणि बँकेचं पासबुक हाताशी ठेवा.

केरीची_बाय
मावशी, योजनेचं नंतर बघते. रडण्याचं बोला!

वाचनवेडा_म्हापसा
मालिशवर संशोधन झालंय. मायामीच्या टिफनी फील्ड यांनी १९८६ मध्ये दाखवलं की रोज तीनदा १५ मिनिटं मालिश केलेल्या बाळांचं वजन ४७ टक्के जास्त वेगाने वाढलं. म्हणून दिवसातून तीनदा करा.

निवृत्त_सिस्टर
ती बाळं अपुऱ्या दिवसांची, दवाखान्यात ठेवलेली होती. पूर्ण दिवसांच्या पोरीला तो हिशोब लावू नका. एक राहूनच गेलं. ती रडते नेमकी कधी? मालिश चालू असताना?

केरीची_बाय
नाही हो, मालिशच्या वेळी टुकूटुकू बघत असते. रडते संध्याकाळी. दिवेलागणीला सुरू होते ते रात्री दहापर्यंत.

तीन_पोरांची_आई
अगं मग हे पहिल्यांदाच सांगायचं ना! एवढा वेळ आम्ही त्या बाईवर तुटून पडलोय.

निवृत्त_सिस्टर
तुटून पडायचं कारण होतंच. आता संध्याकाळचं. हे रडणं दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात वाढू लागतं, साधारण सहाव्या आठवड्यात कळस गाठतं आणि तीन-चार महिन्यांत ओसरतं. सकाळच्या मालिशचा त्याच्याशी संबंध नाही. रडणं सुरू व्हायच्या थोडं आधी, दिवा मंद करून, पंखा थेट अंगावर न घेता, तुम्ही स्वतः दहा मिनिटं हलका हात फिरवा. तेल तळहातावर चोळून कोमट करा. आधी पाय, मग पोट, घड्याळाच्या काट्याच्या दिशेने. गुडघे पोटाशी नेऊन सोडले की गॅस सुटतो. तिने मान फिरवली, अंग ताठ केलं की थांबायचं. मालिशने पोटदुखी जातेच असं सिद्ध झालेलं नाही, पण ओळखीच्या हाताने बरीच बाळं निवतात. ताप १००.४ फॅरनहाइट किंवा वर, हिरवी उलटी, दूध ओढत नाही, रडणं एकदम वेगळं वाटतंय, यातलं काहीही दिसलं तर त्याच वेळी गोमेकॉ (गोवा मेडिकल कॉलेजचं इस्पितळ) किंवा जवळचा दवाखाना गाठा.

डिचोलीकर
पावसात खोबरेल लावून वर पावडर मारू नका, गळ्याच्या घडीत चिकटा होऊन घामोळं येतं. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात घाण्याचं तेल चांगलं मिळतं.

पर्वरी_फ्लॅट
आमच्या मुलांना ऑलिव्हने घामोळं आलं नाही.

कुळागरवाला
बाळगुटी सुरू केली का?

निवृत्त_सिस्टर
सहा महिने फक्त आईचं दूध. गुटी नाही, ग्राइप वॉटर नाही, पाणीसुद्धा नाही. ड जीवनसत्त्वाचे थेंब डॉक्टर देतील तेवढेच.

केरीची_बाय
बाईला सांगितलं, नाक, कान, छातीला हात लावायचा नाही. फुरंगटली, उद्या येते की नाही कोण जाणे. संध्याकाळी मी स्वतः केलं. रडली, पण मध्ये थोडी गप्प झाली, माझा अंगठा धरून. तेल घरात खोबरेल होतं तेच लावलं. सगळ्यांना देव बरें करूं.

डिचोलीकर
पहिल्या उत्तरात काय लिहिलं होतं मी?

तीन_पोरांची_आई
ओ, तेलाने नाही झाली हो ती गप्प!